बजरीगार पोपटाच्या पिलांचे रंगभेद कसे ओळखावे

शेतीस जोड म्हणून कोंबड्या, शेळ्या व मधमाशा पाळण्याकडे आमच्या शेतकरी बंधूंचें लक्ष वळलेलें आहेच. त्यांतच कित्येकांच्या ओसरीवर आतां बजरीगार पोपटांचे पिंजरेही दिसूं लागले आहेत. बाजारांत यांस सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात. परंतु तें नांव आफ्रिकेंतील निराळ्या पोपटांचें आहे. बजरीगार हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांत गवताच्या बियांवर निर्वाह करणारा पक्षी असून, जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें तो १८४० सालीं जिवंत इंग्लंडांत नेला. रानांतील बजरीगार हिरव्या अंगाचा, पिवळ्या तोंडाचा व पाठीवर काळ्या रेघांचा असतो. निळे, पांढरे, पिवळे असे जे पक्षी आज दिसतात, ते अकस्मात् उद्भवलेल्या व पाळणारांनीं निवडून टिकविलेल्या रंगबदलांचे वंशज होत. अशा बदलास शास्त्रांत उत्परिवर्तन म्हणतात.

हा विषय केवळ हौसेचा नाहीं. चार वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकानें हिरव्या पक्ष्यांची एक जोडी घेतली. पहिल्याच विणींत चार पिलांपैकीं एकाचे डोळे कातडीखालून तांबडे दिसले. तें रोगट असावें अशा समजुतीनें तें मडक्यांतून काढून टाकलें आणि 'बीज वाईट' म्हणून नरही कवडीमोलानें विकला. ज्यानें तो नर घेतला त्याच्या घरीं दुसऱ्या हिरव्या मादीपासून सुंदर पिवळीं पिलें निघालीं! एक निरोगी जीव अज्ञानानें गेला आणि चांगलें बीजही हातचें गेलें. असा प्रसंग वाचकांवर न यावा म्हणून हा लेख लिहीत आहें.

रंग कसा होतो.—बजरीगाराच्या पिसांत दोन द्रव्यें असतात, एक पिवळें व एक काळें. निळें द्रव्य मुळींच नसतें. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळें प्रकाश विखुरतो, त्यामागें काळें द्रव्य असल्यानें निळा रंग भासतो, आणि त्यावर पिवळें द्रव्य चढलें म्हणजे हिरवा दिसतो. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व उलगडा होतो. पिवळें द्रव्य नाहींसें झालें तर पक्षी निळा; काळें नाहींसें झालें तर पिवळा, यास ल्युटिनो म्हणतात; दोन्ही नाहींशीं झालीं तर पांढरा, म्हणजे अल्बिनो. हें पिवळें द्रव्य तयार करणारा जनुक कोणता, याचा शोध २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एका लहानशा बदलानें पक्षी निळा होतो असें आढळलें.

डोळ्यांची परीक्षा.—अंडें सुमारें १८ दिवसांनीं फुटतें. पिलूं उघडें व मिटल्या डोळ्यांचें असतें. तथापि पातळ कातडीखालून डोळ्यांचा रंग स्पष्ट दिसतो. ही परीक्षा पहिल्या चार-पांच दिवसांतच करावी. हात स्वच्छ धुवून, चांगल्या उजेडांत, क्षणभरच पिलूं बाहेर काढावें. डोळे काळे असले तर काळें द्रव्य शाबूत आहे असें समजावें. गडद जांभळट असले तर तें बहुधा दालचिनी जातीचें. या जातींत पाठीवरील रेघा काळ्या न होतां तपकिरी होतात. डोळे उघडल्यावर थोड्याच दिवसांत ही जांभळट छटा काळवंडते, म्हणून उशीर करणाराची ही खूण चुकते. डोळे तांबडे असून पुढेंही तांबडेच राहिले, तर तें ल्युटिनो वा अल्बिनो असण्याचा संभव अधिक. या दोहोंतील भेद मात्र पिसें फुटेपर्यंत कळत नाहीं. फॅलो या नांवाच्या जातीचेही डोळे तांबडे असतात, परंतु तिच्या पंखांवर तपकिरी रेघा उमटतात. तेव्हां पिसें येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा.

लव व कोवळीं पिसें.—आठवड्याच्या सुमारास अंगावर लव येते. साधारण पिलाची लव करडी असते. ती पांढरी दिसल्यास पिलूं ल्युटिनो, अल्बिनो किंवा ओपलाइन असूं शकतें. म्हणून केवळ लवेवरून अनुमान न बांधतां डोळ्यांची नोंद ताडून पाहावी. दुसऱ्या आठवड्यांत पिसांचे कोंब फुटतात. कपाळ व गालांचे कोंब पिवळे तर पक्षी हिरव्या वर्गाचा, पांढरे तर निळ्या वर्गाचा. मात्र निळ्या अंगावर पिवळें तोंड असलेलीही एक जात आहे, तेव्हां छातीचा रंगही पाहावा. स्पँगल जातींत पंखाचें पीस मध्यें फिकट व कडेस बारीक काळी रेघ असलेलें असतें, म्हणजे नेहमींच्या उलट. फिकट हिरवा, गर्द हिरवा व ऑलिव्ह हे भेद अंग पिसांनीं पूर्ण भरल्यावांचून ठरवूं नयेत.

फसवणाऱ्या खुणा.—पिलूं सुमारें पांच आठवड्यांचें होतांच मडकें सोडतें. तेव्हां त्याचा रंग मंद असतो व कपाळावर चोंचीपर्यंत रेघा असतात. तीन-चार महिन्यांनीं पहिली पिसें झडल्यावर कपाळ स्वच्छ होऊन खरा रंग उजळतो. विष्ठेनें डागाळलेलें पांढरें पीस पिवळें भासतें. आई कधीं कधीं पिलाचीं पिसें उपटते, त्या टकलास रंगबदल समजूं नये. कित्येक विक्रेते पक्ष्यांस रंग फांसूनही विकतात. ओल्या कापडानें पीस पुसून पाहावें. नाकपुड्यांभोंवतींची मऊ कातडी नरांत पुढें निळी होते, परंतु ल्युटिनो व अल्बिनो नरांत ती गुलाबी-जांभळट राहते; म्हणून तेथें या एका खुणेवर नर-मादी ठरविल्यास चूक होते.

वंशाचा हिशेब.—पक्ष्यांत नरास 'झेड' नांवाचीं गुणसूत्रें दोन असतात व मादीस एकच. ल्युटिनोचा, दालचिनीचा व ओपलाइनचा गुण याच गुणसूत्रावर असून तो सुप्त असतो. नराच्या एका गुणसूत्रावर तो असला तरी दुसरें त्यास झांकतें. मादीस झांकणारें दुसरें नाहीं, म्हणून तिच्यांत तो उघड दिसतो. यावरून तीन नियम निघतात. (१) ल्युटिनो नर व काळ्या डोळ्यांची मादी यांच्या सर्व कन्या तांबड्या डोळ्यांच्या व सर्व पुत्र काळ्या डोळ्यांचे, पण गुण वाहणारे होतात. (२) गुण न वाहणारा नर व ल्युटिनो मादी यांच्या पिलांत एकही तांबड्या डोळ्यांचें निघत नाहीं, पण पुत्र गुण वाहतात. (३) गुण वाहणारा नर व साधी मादी यांच्या कन्यांपैकीं सरासरीनें निम्म्या तांबड्या डोळ्यांच्या होतात. पहिल्या व तिसऱ्या जोडींतील ल्युटिनो पिलूं मादीच, हें जन्मल्या दिवशींच सांगतां येतें. आमच्या घरचा तो विकलेला नर तिसऱ्या प्रकारचा होता, हें आतां उघड आहे.

निळ्या रंगाचा गुणही सुप्तच, परंतु तो 'झेड'वर नसल्यानें नर-मादी दोघांतही लपूं शकतो. दोन हिरव्या पक्ष्यांस निळें पिलूं झालें तर दोघेही गुण वाहतात असें समजावें. अशा जोडीचीं सरासरीनें चारांत एक पिलूं निळें होतें. हें प्रमाण पुष्कळ विणींचें आहे, प्रत्येक विणीचें नव्हे. बजरीगाराच्या वंशाचे हे नियम जर्मनींतील ब्रेमेन येथील शिक्षक हान्स डुंकर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत बारकाईनें तपासले.

नोंद व सावधगिरी.—आठवड्याच्या आंतबाहेर पिलाच्या पायांत अंकित कडें घालावें आणि वहींत आईबापांचे अंक, जन्मतारीख, डोळ्यांचा रंग, लवेचा रंग व पहिल्या झडीनंतरचा रंग लिहावा. बियाण्याच्या पोत्यावर चिठ्ठी नसेल तर पेरणाराची जी गत, तीच नोंदीवांचून पक्षी पाळणाराची. दुर्मिळ रंगाच्या लोभानें भावंडांच्या जोड्या पुनःपुन्हां लावूं नयेत. रंग मिळतो, पण वंश दुबळा होतो.

शेवटीं एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. येथें सांगितलें तें परदेशी बजरीगाराविषयीं आहे. आपल्या शिवारांतील राघू, मग तो हिरवा असो वा क्वचित् आढळणारा पिवळा असो, धरणें, पाळणें व विकणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. रानचा रानांतच शोभतो. पिंजऱ्यांत जन्मलेल्याची मात्र नीट ओळख करून घेणें हें पाळणाराचें कर्तव्य आहे; आणि तांबडे डोळे दिसले म्हणून कोणतेंही पिलूं टाकण्यापूर्वीं वही उघडावी.