‘क्लाउडवर आहे’ म्हणजे बॅकअप आहे, हा गैरसमज

“फाइल उडाली तरी काळजी नाही, ती क्लाउडवर आहे ना!” हे वाक्य आज कुठल्याही ऑफिसात ऐकू येतं. सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, चार टेबलांच्या छोट्या फर्ममध्येसुद्धा. कॉम्प्युटरवर वनड्राइव्हचं किंवा गूगल ड्राइव्हचं फोल्डर दिसतं, खाली घड्याळाशेजारी ढगाचं चिन्ह दिसतं, आणि आपल्या फाइलींची एक प्रत कायमची सुरक्षित झाली असं सगळे गृहीत धरतात. मग वेगळा बॅकअप घेणं बंद होतं. जुनी हार्ड डिस्क कपाटात धूळ खात पडते आणि ‘आता त्याची गरज नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो इतका घट्ट बसला आहे की डेटा गेल्यावरही लोक व्हायरसला, आयटीवाल्याला किंवा नशिबाला दोष देतात. मूळ समजच तपासावा, असं कुणाला वाटत नाही.

वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवांचं ऑफिसातलं मुख्य काम सिंक करणं हे आहे. सिंक म्हणजे एकच फाइल जितक्या ठिकाणी आहे तितक्या ठिकाणी ती सतत एकसारखी ठेवणं. ऑफिसच्या पीसीवर आकडा बदलला की घरच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवरही तो बदलतो. ही सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण हेच यंत्र चुकांनाही लागू होतं. कुणी एक्सेलमधल्या चारशे ओळी पुसून सेव्ह केलं, तर सगळीकडच्या प्रतींतून त्या पुसल्या जातात. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद फाइलीच इमानेइतबारे वर चढतात. शेअर केलेल्या फोल्डरमधून एखाद्या सहकाऱ्याने फाइल डिलीट केली, तर ती सर्वांच्या समोरून जाते. बॅकअपचं काम याच्या नेमकं उलट आहे. मूळ फाइल बदलो, बिघडो किंवा जावो, तिची प्रत बॅकअप घेतला त्या दिवशी होती तशीच राहिली पाहिजे. सातबाऱ्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली, तर मूळ कागदावर शाई सांडली म्हणून झेरॉक्स काळी होत नाही. सिंक केलेल्या फाइलीच्या बाबतीत मात्र शाई दोन्हीकडे सांडते.

सर्वात जास्त फाइली कशा जातात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सी ड्राइव्ह भरतो, कॉम्प्युटर रडतखडत चालू लागतो. कुणीतरी सुचवतं, “सगळं वनड्राइव्हवर आहेच, मग इथलं डिलीट कर.” माणूस फोल्डर निवडतो आणि डिलीट दाबतो. फाइल सगळीकडून निघून जाईल अशी सूचना विंडोज दाखवतं. ती न वाचताच बंद केली जाते. थोड्या वेळाने फाइली सर्व्हरवरूनही गेलेल्या असतात. जागा मोकळी करण्याची योग्य पद्धत तिथेच, राइट क्लिकच्या यादीत आहे. ‘फ्री अप स्पेस’ निवडलं की फाइल सर्व्हरवर राहते आणि कॉम्प्युटरवर फक्त तिचं नाव उरतं. वनड्राइव्हमध्ये ही अवस्था फाइलीच्या नावाशेजारच्या खुणेवरून कळते. पोकळ निळा ढग म्हणजे फाइल फक्त सर्व्हरवर आहे आणि नेट नसेल तर उघडणार नाही. पांढऱ्यावर हिरवी टिकमार्क म्हणजे ती सध्या कॉम्प्युटरवरही उतरलेली आहे. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिकमार्क म्हणजे ती कायम कॉम्प्युटरवर ठेवायला सांगितलेलं आहे. ऑफिसातल्या प्रत्येकाला या तीन खुणा ओळखता आल्या, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो रिसायकल बिनचा. डिलीट झालेली फाइल परत आणता येते, जुन्या आवृत्त्याही असतात, मग अडचण काय? अडचण मुदतीची आहे. ऑफिसच्या खात्यावरच्या वनड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल मूळ सेटिंगनुसार ९३ दिवस राहते, वैयक्तिक खात्यात ३० दिवस. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइली पूर्वी आपण रिकामा करेपर्यंत पडून राहत. ऑक्टोबर २०२० पासून तिथेही ३० दिवसांनी आपोआप सफाई होते. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या वर्ड-एक्सेलच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, ‘कायम ठेवा’ असं मुद्दाम सांगितलं नसेल, तर ३० दिवसांनंतर किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात. आता ऑफिसचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. मार्च एंडिंगची धावपळ संपली, २ एप्रिलला साफसफाई करताना चुकून एक फोल्डर गेलं. त्याचे ९३ दिवस ४ जुलैला भरतात. त्या फोल्डरची आठवण होते ती सप्टेंबरमध्ये, टॅक्स ऑडिटच्या वेळी. तोवर रिसायकल बिनमध्ये काहीही उरलेलं नसतं. चूक लक्षात यायला लागणारा वेळ हा सेवेने दिलेल्या मुदतीपेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो, आणि म्हणून रिसायकल बिन बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे आणखी धोक्याचं आहे. त्याचं खातं काढून टाकलं की वनड्राइव्हवरच्या त्याच्या फाइली मूळ सेटिंगनुसार ३० दिवस जपल्या जातात. गूगलच्या ऑफिस खात्यात काढलेला वापरकर्ता परत आणायला २० दिवस मिळतात. त्याच्या नावावर असलेल्या फाइली वेळीच दुसऱ्याच्या नावावर केल्या नाहीत, तर सगळं ऑफिस वापरत असलेलं फोल्डरही त्याच्यापाठोपाठ जातं.

कायद्याची मुदत याच्याशी ताडून पाहावी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ मध्ये वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांगितले आहेत. कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा भारतातल्या सर्व्हरवरचा बॅकअप पूर्वी ठरावीक कालांतराने ठेवायचा होता, तो आता रोज ठेवणं बंधनकारक झालं. एकीकडे आठ वर्षं आणि दुसरीकडे ९३ दिवस. हे अंतर ‘क्लाउडवर आहे’ या वाक्याने भरून निघत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सेवा करारात, आमच्या सेवांवर ठेवलेल्या मजकुराचा नियमित बॅकअप घ्या, अशी शिफारस लिहिलेली आहे. सेवा देणारेच हे सांगत असताना आपण त्यांच्या भरवशावर बॅकअप बंद करतो, हे पटण्यासारखं नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या मोठ्या कंपन्यांकडून डेटा जाईलच कसा? त्यांच्या डेटा सेंटरमध्ये प्रत्येक फाइल अनेक डिस्कवर असते हे खरं आहे, आणि एखादी डिस्क बिघडून आपली फाइल जाण्याची शक्यता खरोखरच नगण्य आहे. पण त्या प्रती यंत्र बिघडू नये म्हणून आहेत. माणसाची चूक, चुकीची आज्ञा, आग यांपासून त्या नेहमी वाचवतातच असं नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरची खासगी क्लाउड यंत्रणाच एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकदमच गेल्या. पाच लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपलं खातं पाहता येईना. नुकसान कमी झालं ते दुसऱ्या सेवादाराकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे, असं दोन्ही संस्थांच्या संयुक्त निवेदनात म्हटलं होतं. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी ऑफिसच्या फाइली ठेवत ती ‘जी-ड्राइव्ह’ नावाची यंत्रणा तीत जळाली. त्यात ८५८ टेराबाइट डेटा होता, आणि डेटा फार मोठा असल्यामुळे त्याचा बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता. कर्मचारी व्यवस्थापन मंत्रालयात तर सगळी कामाची कागदपत्रं याच ड्राइव्हवर ठेवायची पद्धत होती, त्यामुळे त्याला सर्वांत मोठा फटका बसला. त्यांच्याही फाइली ‘क्लाउडवर’च होत्या.

या मोठ्या गैरसमजाबरोबर काही छोटे गैरसमजही ऑफिसात वर्षानुवर्षं फिरत असतात. ‘महत्त्वाचं डी ड्राइव्हमध्ये ठेवा, ते सुरक्षित असतं’: बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, विंडोज नव्याने टाकताना डी वाचेल, पण डिस्क गेली की दोन्ही जातात. ‘डेस्कटॉप सिंक आहे म्हणजे सगळा कॉम्प्युटर सिंक आहे’: विंडोजवर वनड्राइव्ह जी फोल्डर आपल्याकडे घेतं, त्यांत डाउनलोड्स येत नाही, आणि ईमेलवरून उतरवलेली निम्मी कागदपत्रं नेमकी तिथेच पडलेली असतात. ‘पेनड्राइव्हवरची फाइल रिसायकल बिनमध्ये सापडेल’: पेनड्राइव्हवरून आणि नेटवर्कच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल सहसा तिथे जातच नाही. ‘टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवला की आपोआप बॅकअप होतो’: उघड्या, सतत बदलणाऱ्या डेटाची अर्धवट प्रत वर चढून डेटाच बिघडू शकतो, टॅलीमधून बॅकअप घ्यावा आणि ती तयार फाइल वर चढवावी. ‘जुनी मराठी फाइल उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतात, म्हणजे ती करप्ट झाली’: फाइल बहुधा धडधाकट असते, श्री-लिपी किंवा कृतिदेवसारखा तिचा फॉन्ट या कॉम्प्युटरवर नसतो, ती डिलीट करू नये, फॉन्ट टाकावा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ‘नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिलं की फाइल पीडीएफ होते’: होत नाही. ‘सिंक अडकलं म्हणजे नेट गेलं’: अनेकदा फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करून पत्ता इतका लांब झालेला असतो की तो मर्यादेत बसत नाही. आणि डेस्कटॉपवर दहा वेळा रिफ्रेश केल्याने कॉम्प्युटर वेगवान होत नाही. फक्त पडद्यावरची चिन्हं पुन्हा काढली जातात.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. छोट्या ऑफिसला हे सगळं परवडणार कसं? परवडतं, कारण नियम जुना आणि साधा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक ऑफिसच्या बाहेर. एक प्रत रोजच्या कामाची, दुसरी क्लाउडवर, आणि तिसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची. सतत जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. बॅकअप ऑफलाइन ठेवा, असा सल्ला भारत सरकारची सर्ट-इन ही संस्थाही देते. चार-पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसला दोन हार्ड डिस्क पुरतात. एक ऑफिसात, एक घरी, आणि दर आठवड्याला अदलाबदल. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी क्लाउडवरच्या डेटाचा वेगळा बॅकअप घेणारी सेवा घ्यावी. पण कोणताही मार्ग निवडला, तरी एक काम चुकवता येत नाही, ते म्हणजे बॅकअपमधून फाइल परत आणून पाहणं. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की कागदावर असलेल्या बॅकअपच्या पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला, आणि तेही एका अभियंत्याने योगायोगाने काही तास आधी प्रत काढून ठेवली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. तसा योगायोग आपल्या वाट्याला येईलच असं नाही. म्हणून महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कुणीतरी जबाबदारीने बॅकअपमधली एक जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी, त्यातले आकडे जुळतात का ते तपासावं आणि तारीख घालून नोंद करावी. अशी नोंद ज्या ऑफिसात नाही, त्या ऑफिसात बॅकअप नाही, असंच धरून चालावं.