धरणाच्या पाण्यावर दोन रात्री
मोटारीमागे ओढून नेता येणारी शिडाची नौका मुक्कामासाठी कशी सजवावी?

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी मात्र आहे. बाभुळगाव तालुक्यातले बेंबळा, दिग्रस तालुक्यातले अरुणावती आणि पुसदच्या सीमेवर पैनगंगा अडवून उभारलेले इसापूर ही धरणे पावसाळा सरता सरता भरतात, तेव्हा पलीकडचा काठ धूसर दिसू लागतो. या पाण्यावर वावर असतो तो भोई-धीवरांच्या डोंग्यांचा आणि जाळ्यांचा. मोटारीमागे ट्रेलर जोडून पंधरा-वीस फुटांची शिडाची नौका येथे आणावी, पाण्यात उतरवावी आणि दोन रात्री तिच्यातच काढाव्यात, ही कल्पना वऱ्हाडात अजून नवखी वाटेल. महाराष्ट्रातल्या धरणांना मात्र शिडे नवी नाहीत. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र वर्षानुवर्षे शिडाच्या नौका हाकण्याचे धडे गिरवत आले आहेत.

नौकानयन म्हटले की मराठी वाचकाला कमांडर दिलीप दोंदे आठवतात. २००९-१० मध्ये त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली आणि ५६ फूट लांबीची होती. ट्रेलरवरच्या नौकेचे घराणे वेगळे. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आरेखित केलेली ‘वेफेअरर’ ही जेमतेम सोळा फुटांची उघडी होडी. फ्रँक डाय या इंग्रज दर्यावर्दीने एका सोबत्यासह अशाच होडीतून १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंड आणि पुढल्या वर्षी नॉर्वे गाठले. रात्री झोपायचे ते होडीच्या तळाशी, वर ताणलेल्या कापडाखाली. त्यांच्या धाडसाचे अनुकरण कोणी करू नये. पण एवढ्याशा जागेत माणूस राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

छोट्या नौकेतला आराम हा मुख्यतः वजनाचा हिशेब असतो. वेफेअररचा रिकामा सांगाडा सुमारे १७० किलोंचा. त्यात दोन माणसे बसली की दीडशे किलो वाढले. माणशी रोज पाच लिटर पाणी धरले, तर तीन दिवसांचे तीस लिटर, म्हणजे तीस किलो. नांगर, दोर, बॅटरी, शिधा आणि अंथरूण धरून आणखी साठ-सत्तर किलो सहज होतात. हे सारे ओझे टोकांना विखुरले, तर नौका जड आणि हट्टी होते. म्हणून पाण्याचे कॅन आणि बॅटरी मधोमध, तळाशी, घट्ट बांधून ठेवायची. कोकणातले खलाशी ज्याला निरम म्हणतात, तेच काम मग हे पाणी करते. सुटा कॅन मात्र निरम नव्हे. नौका कलली की तो नेमका कललेल्या बाजूला घरंगळतो.

परदेशी पुस्तकांत नौकेच्या सजावटीचा बराचसा भाग थंडी आणि पावसापासून बचावाला वाहिलेला असतो. विदर्भात पहिली गरज सावलीची. डोलकाठीला जोडलेल्या आडव्या काठीवरून फिक्या रंगाचे जाड कापड दोन्ही बाजूंना ताणले, की दिवसा मांडव आणि रात्री तंबू तयार होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येथे पहाटे चांगलाच गारठा असतो, दवही पडते. तेव्हा याच कापडाखाली अंथरूण कोरडे राहते. नांगरलेली हलकी नौका बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. त्यामुळे तंबूची पुढची बाजू उघडी ठेवली, तर वारा आपोआप आत येतो. तेथे मच्छरदाणीचे कापड हवेच. डासांवर त्याहून सोपा उपाय म्हणजे काठापासून दूर नांगर टाकणे. झोपायची फळी १९० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असली, तर चालते. जागा वाचवण्यासाठी ती त्याहून आखूड करण्याचा मोह टाळावा.

विजेची गरज लोकांना वाटते तेवढी नसते. तीन वॅटचा एलईडी दिवा पाच तास, दहा वॅटचा छोटा पंखा आठ तास आणि दोन मोबाइल, एवढ्याला रात्रीचे सुमारे १२५ वॅट-तास लागतात. बारा व्होल्ट, वीस अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी दोन रात्री निभावून नेते आणि सोबत ५० वॅटचा सौर पत्रा असला, तर चिंताच मिटते. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचे वजन त्याच कामासाठी दुपटीहून अधिक भरते.

स्वयंपाकाची बाब मात्र गंभीर आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली, तर तो दाराखालून निघून जाण्याची शक्यता तरी असते. नौकेचा तळ चहूबाजूंनी बंद असल्याने तो तेथेच साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. शेगडी उघड्या जागेत पेटवावी, टाकी तळाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. शक्यतो चूल काठावरच मांडावी, हे उत्तम. शौचासाठी घट्ट झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा पुरतो. ती पाण्यात रिकामी करायची नाही, हे सांगावे लागू नये. बेंबळाचे पाणी यवतमाळ शहराच्या पाणीयोजनेशी जोडलेले आहे, आणि २०१८ चा उन्हाळा या शहराने कसा काढला ते यवतमाळकर विसरलेले नाहीत.

धरणाचे पाणी समुद्रापेक्षा सुरक्षित, हा समज घातक आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. वैशाखातले वळीव क्षणार्धात येते. त्यामुळे शीड पटकन लहान करता येईल अशी दोऱ्यांची योजना बसल्या जागेवरून हाती लागली पाहिजे. बाकांखालचे कप्पे हवाबंद किंवा फोमने भरलेले असावेत, म्हणजे उलटलेली नौका बुडत नाही, तिला धरून राहता येते. जीवरक्षक जाकीट अंगात असावे, बाकाखाली नव्हे. मार्च ते जून हा काळ तर टाळलेलाच बरा. ऊन असह्य असते आणि पाणी उतरून बुडालेल्या झाडांचे बुंधे वर आलेले असतात.

हिवाळ्यात अडचण नेमकी उलटी, वारा मंद. वल्ही हवीतच. छोटे इंजिन लावायचे असेल, तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार नोंदणीचा प्रश्न येतो. तो आधी विचारून घ्यावा. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असल्याने लेखी परवानगी लागते. इसापूरच्या जलाशयावर पक्षी अभयारण्यही आहे, तेथे वनविभागाला वगळून चालणार नाही. मच्छीमार संस्थेच्या लोकांना भेटून जाळी कोठे लावली आहेत ते विचारावे. सुकाणूत अडकलेले जाळे फाटले, तर नुकसान कोणा गरिबाचे होते.

इथल्या काठांची काळी माती हा स्वतंत्र विषय ठरावा. तिच्यात रुतलेला ट्रेलर मोटारीलाही खाली ओढतो. मोटार कोरड्या, कठीण जागी ठेवून ट्रेलर लांब दोराने आणि फळ्यांवरून खाली सोडणे शहाणपणाचे. नांगराला हीच माती उपकारक. रुंद पात्यांचा तीन-चार किलोंचा नांगर, दोन-तीन मीटर साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर एवढ्यावर रात्र निर्धास्त जाते. दूरच्या प्रवासानंतर चाकांची बेअरिंगे तापलेली असतात. ती तशीच पाण्यात बुडवली, तर थंड होताना पाणी आत ओढून घेतात आणि पुढच्या खेपेस रस्त्यात दगा देतात. अर्धा तास थांबून चहा घ्यावा.

या अर्ध्या तासात आकाशाकडेही पाहावे. जलाशयाच्या काठाने शेतपंपांच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी बऱ्याच लोंबलेल्या. अ‍ॅल्युमिनियमची वीस फुटी डोलकाठी अशा तारेला टेकली, तर ओलसर मातीत उभ्या माणसाचे काय होईल ते सांगायला नको. तारांपासून लांब गेल्यावरच डोलकाठी उभी करायची. मग नौकेच्या मागच्या बाजूला, तळाशी, पाणी काढून टाकण्यासाठी ठेवलेल्या भोकाला हात लावून पाहायचा. त्याचे बूच बसवायला विसरून नौका पाण्यात लोटणाऱ्यांत नवशिक्यांइतकेच जुनेजाणतेही असतात.