चित्रकथा, अभिजात साहित्यावरील
अभिजात ग्रंथांतील कथानक क्रमवार चित्रचौकटी व संवादांचे फुगे यांच्या साहाय्याने कुमारवाचकांसाठी मांडणारा वाङ्‌मयप्रकार. अमेरिकेत ॲल्बर्ट कँटर यांनी १९४१ मध्ये अशी माला सुरू केली. मुंबईत अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ आरंभिली. तिची पुस्तके मराठीतही निघाली. वर्णनाची जागा चित्र घेते, त्यामुळे मूळ श्लोकांचे सौंदर्य लोपते, हे उघडच आहे. पाठाच्या निवडीचा प्रश्न त्याहून गंभीर होय. या मालेतील शकुंतला कालिदासाची आहे : दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी यांमुळे दुष्यंताचा दोष झाकला जातो. महाभारतात शाप नाही, अंगठीही नाही. तेथे शकुंतला भर राजसभेत राजाला प्रखर शब्दांत जाब विचारते. चित्रकथेपाशीच थांबणाऱ्या मुलाला ही मानी शकुंतला भेटत नाही.