स्तनांत दूध दाटलें असतां

प्रसूतीनंतर दोन ते पांच दिवसांत दूध भरून येतें आणि कित्येक बाळंतिणींचे स्तन दगडासारखे कठीण होतात. त्यांत दुधाबरोबर सूजही असते. अशा वेळीं कोणी पाजणें थांबवितात, तर कोणी सारें दूध पिळून काढतात. पहिल्यानें दूध तुंबतें. दुसऱ्यानें तें वाढतें. विहीर उपसावी तसा पाझर वाढतो, तसेंच हें.

यास्तव मूल मागेल तेव्हां पाजावें. स्तनाग्राभोवतालचा भाग ताठरल्यामुळें मुलास तोंडांत धरतां येत नसेल, तर तो मऊ होण्यापुरतेंच दूध हातानें काढावें. पाजल्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी; जोरानें चोळूं नये. ताप आला, किंवा एखादी जागा लाल होऊन ठणकूं लागली, तर डॉक्टरांस त्वरित दाखवावें. पाजणें मात्र बहुधा तेव्हांही थांबवावें लागत नाहीं.

इतकें करूनही दूध उरलें, तर तें वायां घालवूं नये. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं मातृदुग्धपेढी निघाली; आशियांतील ती पहिली मानली जाते. अशा पेढींतील दूध अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस पाजतात.