दाराखालून आत येतो कोण?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी घरी मोबाईलवर गाणं, गोष्ट किंवा तबल्याचा एखादा तुकडा रेकॉर्ड केला आहे? बहुतेक सगळ्यांनीच! आणि ऐकायला बसल्यावर काय सापडतं? तुमच्या सुरेल आलापाच्या मधोमध शेजारच्या कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न आणि खाली ओरडणारा भाजीवाला. दार लावलं होतं, खिडकी बंद होती. मग ही सगळी पाहुणे मंडळी आत शिरली कुठून?

आता असं करा, दाराजवळ जमिनीवर पालथे झोपा आणि दाराखाली बघा. बाहेरचा उजेड दिसतो ना? चप्पल घातलेले पायसुद्धा दिसतील. तेच पाहुण्यांचं प्रवेशद्वार!

आवाज म्हणजे हवेची थरथर. जिथून हवा जाऊ शकते, तिथून आवाज जातोच. भिंत जड असते, तिला हलवता हलवता आवाज दमून जातो. फटीत मात्र हलवायला जड असं काहीच नसतं. तिथे तो ऐटीत चालत येतो.

थोडं गणित करू या. घाबरू नका, भागाकाराचंच आहे. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे 120 इंच गुणिले 120 इंच, एकूण 14,400 चौरस इंच. तिच्यात तीन फुटी दार आहे आणि दाराखाली फक्त अर्धा इंच फट आहे. तिचं क्षेत्रफळ 36 गुणिले अर्धा, म्हणजे 18 चौरस इंच. 14,400 ला 18 ने भागलं की येतात 800. भिंतीचा आठशेवा भाग! एवढ्याशा फटीने काय होणार, असं तुम्ही म्हणाल. पण नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत तिच्यावर पडणाऱ्या आवाजाच्या ऊर्जेपैकी साधारण एक लाखावा भागच पलीकडे जाऊ देते. म्हणजे ती चिमुकली फट अख्ख्या भिंतीच्या सव्वाशे पट आवाज आत सोडते. भिंत दुप्पट जाड केली तरी या फटीला त्याचं काय? म्हणून स्टुडिओवर खर्च करायचाच असेल, तर पहिले पैसे फटींवर घालावेत. शिवाय ते सगळ्यात कमी लागतात.

आपल्या नाशिकच्या जुन्या वाड्यांची दारं आठवा. जड सागवानी फळ्या, खाली चांगला उंच उंबरठा, आणि दोन झडपा जिथे मिळतात तिथे एका झडपेवर ठोकलेली उभी लाकडी पट्टी. दार लावलं की ते उंबरठ्याला टेकतं आणि मधली फट पट्टीखाली झाकली जाते. सुताराने ते आवाजासाठी केलं नसेल, धूळ, वारा, विंचू बाहेर राहावेत म्हणून केलं असेल. पण काम एकच! फ्लॅटमधल्या खोल्यांना उंबरठा नसतो, आणि दारही बऱ्याचदा आतून पोकळ असतं. टकटक करून बघा, डब्यासारखं वाजतं.

आवाज आत येण्याची ही डोकेदुखी आपल्या देशात सिनेमावाल्यांना चांगलीच सोसावी लागली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि मग आपलं काम नाशिकला आणलं. त्यांचे ते चित्रपट मूक. मूकपटाच्या शूटिंगच्या वेळी बाहेर बँड वाजो की गाढव ओरडो, पडद्यावर काहीच उमटत नसे. पण 1931 साली मुंबईत अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट केला, तेव्हा पंचाईत झाली. तिथे आवाज रोखणारा असा बंदिस्त स्टुडिओ नव्हता आणि जवळून रेल्वेचा रूळ गेलेला! मग बरंचसं शूटिंग रात्री एक ते चारच्या दरम्यान, गाड्या थांबलेल्या असताना केलं गेलं. कलाकार झोपायचे कधी, कोण जाणे. भिंती आणि फटी सांभाळता आल्या नाहीत, म्हणून घड्याळ सांभाळलं.

आपण मात्र फटी शोधू या. रात्री खोलीतला दिवा बंद करा. पलीकडच्या खोलीतून ताईला किंवा दादाला बॅटरीचा झोत दाराच्या कडेकडेने फिरवायला सांगा. जिथे उजेडाची रेघ दिसेल, तिथे खडूने खूण करा. मग मोठ्या माणसासमोर एक उदबत्ती लावा, पंखा बंद ठेवा आणि ती खिडकीच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवा (पडद्यापासून लांब हं!). धुराची रेघ जिथे एकदम वाकडी होईल, तिथे हवा ये-जा करते आहे. उजेड सरळ रेषेत जातो, त्यामुळे नागमोडी फटीतून तो दिसत नाही. आवाज वळून येतो आणि धूरही वळतो. तिसरं साधन तुमचा कान. बाहेर रेडिओ लावा आणि आतून चौकटीला कान लावत फिरा.

अजून कुठे बघाल? खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग. केबल आत येते ते भोक. एसीच्या नळीभोवतीची जागा. वरचा झरोका. आणि स्विचबोर्ड! दोन खोल्यांचे बोर्ड एकाच भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले असतील, तर मधे भिंत जवळजवळ उरतच नाही. पण मुलांनो, बोर्डाला तुम्ही हात लावायचा नाही. ते काम वायरमनचं, आणि तेही मेन स्विच बंद करून.

फटी भरायच्या कशाने? भिंतीतली मोठी भोकं सिमेंटने बुजवता येतात. पण चौकटीभोवतीच्या भेगांत सिमेंट किंवा लांबी भरली, तर ती काही महिन्यांत पुन्हा फुटते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं, आणि दार आपटलं की चौकट हादरते. तिथे रबरासारखं ताणलं जाणारं सीलंट हवं. हार्डवेअरच्या दुकानात नळीत मिळतं. दाराच्या तिन्ही बाजूंना चौकटीवर रबरी पट्टी चिकटवावी, दार लावल्यावर ती थोडी दबली पाहिजे. नुसती टेकली तर उपयोग नाही. खाली दाराला स्क्रूने बसवायची रबरी पट्टी मिळते. ती नसेल तर जुनी सतरंजी घट्ट गुंडाळून लावा. दिसायला गबाळं दिसतं खरं, पण फरक लगेच कळतो.

आता एक गैरसमज. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावले की बाहेरचा आवाज थांबतो, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. थांबत नाही! पुठ्ठा हलका, आवाज त्याला जुमानत नाही. खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज त्याने जरासा कमी होईल, तोही गोधडी टांगून जास्त चांगला कमी होतो. वर पुठ्ठा आणि स्वस्त फोम दोन्ही भराभर पेटतात. माझं मत विचाराल तर ते ट्रे हस्तव्यवसायाच्या तासालाच शोभतात.

आई-बाबांनो, पुढचा भाग तुमच्यासाठी. फटी बुजवल्या म्हणजे हवाही बुजवली, हे विसरू नका. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सुमारे 28,000 लिटर हवा मावते. दोन माणसं बसल्या बसल्या तासाभरात पस्तीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. खोली खरोखरच हवाबंद असेल, तर तासाभरात त्याचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या चौपट होतं. डोकं जड होतं, जांभया येतात, आणि मुलाचं गाणं का रंगत नाही ते कळत नाही. रेकॉर्डिंग झालं की दार-खिडकी उघडायचीच. कायमची खोली करणार असाल तर झरोका बुजवू नका. त्यावर आतून मऊ अस्तर लावलेली, दोन-तीन वळणांची लाकडी पेटी बसवा. हवा वळणं घेत आत येते, आवाज अस्तराला धडकत थकतो. आणि ज्या खोलीत गॅस गीझर, शेगडी किंवा चूल आहे, तिथला एकही झरोका किंवा फट बुजवायची नाही. त्यातून जिवावर बेतू शकतं.

एवढं सगळं करूनही गणपतीत नाशिक ढोल निघाला, की तुमच्या खोलीत धम धम ऐकू येणारच. ढोलाचा खर्जातला आवाज सेकंदाला शंभरच्या आसपास कंपनांचा. त्याची एक लाट अकरा फुटांहून लांब, तुमच्या खोलीएवढी! ती भिंतीलाच हलवते. त्यावर फटींचा इलाज चालत नाही. त्या दिवशी रेकॉर्डिंग सोडून ढोल बघायला जावं, हे उत्तम.

आणि आवाज बाहेरून आत येतो तसाच आतून बाहेर जातो बरं का! शेजारची दहावीतली ताई अभ्यास करत असेल, तर तुमच्या ड्रमचा आवाज तिच्याकडे जातो तो याच फटीतून. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा.

शेवटी प्रयोगाची वही काढा. दाराबाहेर एका मोबाईलवर एकच गाणं एकाच आवाजात लावा. आत दुसऱ्या मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप सुरू करून तो दारापासून तीन फुटांवर ठेवा. मोबाईलचा आकडा अगदी अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा यांतला फरक बराच कळतो. दहा डेसिबल कमी झाले म्हणजे आवाजाची ऊर्जा एक दशांशावर आली. एकेक फट बंद करा आणि दर वेळी आकडा लिहा. मात्र सुरुवातीचा आकडा घ्यायला विसरू नका. एकदा पट्टी चिकटवली, की मोजण्यासाठी ती पुन्हा उपटायला आई काही देणार नाही!