वेल्डरचं काम आणि आरोग्य : मुलांना काय सांगाल?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या वर्गातली काही मुलं उद्या आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतील. आठवी पास झाल्यावर एका वर्षात हा कोर्स होतो आणि हाताला काम मिळतं. काम मानाचंच आहे, पण त्यातले धोके मुलाला आधीच माहीत हवेत.

डोळे : वेल्डिंगच्या प्रखर उजेडात अतिनील किरण असतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्यांनी भाजतो. त्या वेळी काहीच दुखत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. साधा गॉगल इथे पुरत नाही. आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १३ शेडची काळी काच लागते. ग्रीलच्या दुकानासमोर बघत उभ्या राहणाऱ्या लहान मुलांनाही हा त्रास होऊ शकतो.

धूर : जीआय पाइप जोडताना जस्ताचा धूर निघतो. त्यामुळे संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. एक-दोन दिवसांत तो उतरतो, म्हणून ‘साधा ताप’ समजून सोडून दिला जातो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं. मँगनीजचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर मेंदूवर परिणाम होऊन हात थरथरू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला.

‘दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर निघून जातो’ असं कामगार म्हणतात. पण खाल्लेलं पोटात जातं आणि धूर फुप्फुसात! रुमाल बांधूनही उपयोग नाही, कारण धुराचे कण कापडाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी बारीक असतात.

मग करायचं काय? काम मोकळ्या हवेत किंवा धूर ओढणाऱ्या पंख्याजवळ करावं, तोंड धुराच्या लोटात नेऊ नये. योग्य मास्क, चामड्याचे हातमोजे, जाड सुती कपडे आणि बंद बूट वापरावेत. टेरिकॉट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. डोळे दुखले तर मनाने थेंब न घालता डॉक्टरांना दाखवावं.

पालकहो, मुलाला कामावर पाठवण्यापूर्वी एकदा ते दुकान बघून या. किती पगार देणार, हे आपण विचारतोच. शील्ड आणि मास्क देणार का, हेही विचारा.