गेमिंग परिषदेचे दालन : बोधचिन्हापेक्षा रांगेचे गणित महत्त्वाचे

बंगळुरू : एका संगणकावर दहा मिनिटांचा खेळ, मग पुढच्या माणसाला बसवून सूचना देण्यात दोन मिनिटे. म्हणजे एका आसनावर तासाला पाच जण. चार आसने मांडली तर तासाला वीस आणि आठ तासांच्या दिवसात जास्तीत जास्त १६० जण. व्हिडिओ गेम उद्योगाच्या परिषदेत दालन उभारणाऱ्या रचनाकाराला रंग आणि बोधचिन्ह ठरवण्याआधी हा हिशेब मांडावा लागतो. हजारोंच्या गर्दीत आपला खेळ प्रत्यक्ष खेळून पाहणारे दीडशेच असतील, तर उरलेल्यांना चालता चालता काय दिसेल, हा खरा प्रश्न असतो.

बंगळुरूला हा प्रश्न नवा नाही. राजेश राव यांनी १९९७ मध्ये येथे स्थापन केलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही देशातील सुरुवातीच्या गेम कंपन्यांपैकी एक. २०१९ मध्ये ती अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्सने विकत घेतली. ॲनिमेशन, दृक्परिणाम आणि गेमिंग क्षेत्रासाठी कर्नाटकाने २०१२ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. राज्य सरकार आणि बंगळुरूमधील ॲनिमेशन उद्योगाची संघटना ‘अबाई’ यांच्या पुढाकाराने ‘गाफेक्स’ ही परिषद भरते. तिची सहावी आवृत्ती २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस ‘द ललित अशोक’ हॉटेलमध्ये झाली. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये या क्षेत्राच्या धोरणाला मंजुरी दिली असल्याने मुंबई-पुण्यातील छोट्या स्टुडिओंनाही आता अशा परिषदांची तयारी करावी लागणार आहे.

उद्योगाची परिषद आणि चाहत्यांचा मेळा यांत मोठा फरक आहे. मेळ्यात गर्दी हेच यश मानले जाते. परिषदेत मात्र स्टुडिओला गाठायचे असतात ते मोजके प्रकाशक, गुंतवणूकदार आणि नोकरीच्या शोधात आलेले कुशल तरुण. म्हणून चांगल्या दालनाचे दोन भाग असतात. पुढे खेळण्याची उघडी जागा आणि मागे चार खुर्च्यांची शांत बैठक. नवखे प्रदर्शक अनेकदा सगळी जागा पुढच्या भागाला देतात. मग करारासारखे गंभीर बोलणे शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या कल्लोळात उभ्याउभ्या उरकावे लागते.

या उद्योगाची सर्वांत मोठी परिषद आरंभी एका घरात भरली होती, हे येथे आठवण्यासारखे आहे. अमेरिकी गेम रचनाकार ख्रिस क्रॉफर्ड यांनी १९८८ मध्ये स्वतःच्या दिवाणखान्यात सुमारे २७ सहकाऱ्यांना बोलावले. त्यातूनच आजची गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स उभी राहिली. याउलट लॉस एंजेलिसमध्ये १९९५ पासून भरणाऱ्या ई-३ प्रदर्शनात दालनांच्या भव्यतेची स्पर्धा इतकी खर्चिक झाली की २००७ मध्ये ते लहान स्वरूपात घ्यावे लागले. पुढे ते पूर्वपदावर आले, परंतु डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाल्याची घोषणा झाली. कंपन्यांनी दरम्यान आपल्या खेळांच्या घोषणा इंटरनेटवरून थेट करण्याचा स्वस्त मार्ग शोधला होता.

मग प्रत्यक्ष दालनाने काय द्यावे? ते खेळाच्या जगाचा अनुभव द्यावा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ पाहा. त्यातील कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत उलगडतो. अशा खेळाचे दालन मांडायचे तर नायिकेचे मोठे छापील चित्र कोणीही लावेल. मागून दिवा लावलेला पांढरा पडदा आणि त्यावर हलणाऱ्या सावल्या मात्र दुरूनही लक्ष वेधतील आणि खर्चही कमी येईल. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या किंवा कर्नाटकातील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्यांना तर ती खूण वेगळी सांगावीच लागणार नाही. ब्रँड म्हणजे बोधचिन्हाची पुनरावृत्ती, हा समज येथे तोकडा पडतो.

तांत्रिक बाजू अधिक निर्दय आहे. प्रदर्शनातील प्राथमिक दालन बहुधा तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असते. एलईडी भिंत लावायची तर दोन ठिपक्यांमधील अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर दूर उभे राहिल्यावरच चित्र सलग दिसते. लहान जागेत स्वस्त, मोठ्या ठिपक्यांची भिंत भाड्याने आणली तर समोरच्याला नुसते दिवेच दिसतात. छतावरच्या प्रखर दिव्यांची तिरीप पडद्यावर पडू नये म्हणून संगणकांच्या माथ्यावर काळ्या कापडाची पट्टी लागते. सभागृहातील वायफाय शेकडो फोनांच्या भाराखाली मान टाकते. त्यामुळे इंटरनेटविना चालणारी खेळाची आवृत्ती सोबत असणे अपरिहार्य ठरते. वीज क्षणभर गेली तरी संगणक बंद पडू नये यासाठी यूपीएस हवा. कोणी खेळ अर्धवट सोडून गेले, तर मिनिटभरात तो आपोआप आरंभापाशी यावा आणि रिकामा पडदा स्वतःच खेळाची दृश्ये दाखवू लागावा, ही युक्ती जुन्या नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांपासून चालत आली आहे.

लखलखत्या प्रकाशाचा मोह मात्र आवरावा लागतो. १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील वेगवान लाल-निळ्या झगमगाटानंतर जवळपास ७०० जणांना, त्यातही प्रामुख्याने मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. सेकंदाला तीनपेक्षा अधिक लखलखाट टाळावेत, असा संकेत आज सर्वमान्य आहे.

बंगळुरूच्या काही अटी स्थानिक आहेत. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्येच प्लास्टिक फ्लेक्स व बॅनरवर बंदी घातली. त्यामुळे छापील कापड आणि पुठ्ठा हेच पर्याय उरतात. व्यावसायिक आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड असावे, हा नियम २०२४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. तात्पुरत्या दालनाच्या आराखड्यातही कन्नड अक्षरांना सन्मानाची जागा ठेवणे शहाणपणाचे ठरते. छपाईच्या आदल्या रात्री कोपऱ्यात घुसवलेली कन्नड ओळ लगेच ओळखू येते.

प्रायोजकांची यादीही बदलली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. याच कायद्यामुळे ड्रीम-११ ने भारतीय क्रिकेट संघाचे प्रायोजकत्व सोडले. ई-स्पर्धांना कायद्याने मान्यता दिली असली, तरी मंचामागच्या फलकावर कोणाचे नाव झळकते, याची छाननी आता आयोजकाला स्वतः करावी लागते.

सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वाट. राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जणांचा मृत्यू झाला. तेथे अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नसल्याचे नंतर उघड झाले. बंगळुरूत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरील चेंगराचेंगरीत ११ जण दगावले. प्लायवूड, फोम, कापड आणि तापलेली विद्युत उपकरणे एकत्र आणणाऱ्या दालनाला या दोन्ही घटना लागू पडतात. अंधाऱ्या बोगद्यातून खेळाच्या जगात प्रवेश, ही कल्पना चित्रात मोहक दिसते. परंतु त्या बोगद्याला दुसरे तोंड नसेल, तर आराखडा तिथेच परत पाठवायला हवा. रांग मुख्य मार्गिकेत न सांडता दालनाच्या हद्दीतच वळेल आणि बाहेर पडण्याचा फलक एलईडी भिंतीमागे झाकला जाणार नाही, हे उभारणीच्या आदल्या रात्री नव्हे, तर नकाशावरच ठरते.